एका सुट्या पानाचा लिलाव : 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'

अमेरिकेत डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावसंस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीच्या हस्तलिखिताचे एक पान विक्रीस काढले. ते चार लाख डॉलरांहून अधिक किमतीला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीन कोटी रुपयांना गेले. मी या विक्रीकडे पाहिले ते शाळकरी वयात मराठी अनुवादांतून शेरलॉक होम्स वाचलेला आणि पुढे जुन्या पोथ्यांच्या नादी लागलेला एक वाचक म्हणून. अशा विक्रीचे परीक्षण सहसा संग्राहकाच्या अंगाने होते. बोली किती चढली, पुढे किंमत वाढेल का, एवढ्यावर ते थांबते. मला मात्र दोन गोष्टी तपासायच्या होत्या. एवढे मोल यावे असे या पानात काय आहे, आणि बोली न लावणाऱ्या वाचकाच्या पदरात या विक्रीतून काय पडते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या जन्मकथेत आहे. डॉइल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत होम्सला रायकेनबाख धबधब्यात लोटून दिले होते आणि वाचक त्यामुळे कमालीचे हळहळले होते. त्यानंतर होम्स पुन्हा अवतरला तो याच कादंबरीत. ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत ती लंडनच्या 'द स्ट्रँड मॅगझिन'मध्ये क्रमशः छापली गेली आणि शेवटचा हप्ता यायच्या आधीच, मार्च १९०२ मध्ये, पुस्तकरूपाने बाजारात आली. अमेरिकेत ती मॅक्लुअर, फिलिप्स अँड कंपनीने काढली. या प्रकाशनसंस्थेला जाहिरातीची एक कल्पना सुचली, आणि त्या कल्पनेपायी मूळ हस्तलिखिताची वाताहत झाली. पावणेदोनशेहून अधिक पानांचे ते हस्तलिखित सुटे करून एकेक पान देशभरातल्या पुस्तकविक्रेत्यांकडे पाठवण्यात आले. दुकानाच्या दर्शनी खिडकीत लेखकाच्या हातचे पान दिसले की गिऱ्हाईक आत येईल, असा तो हिशेब होता. पुस्तकाचा हंगाम संपल्यावर बहुतेक दुकानदारांनी ते पान इतर जाहिरातींच्या कागदांबरोबर टाकून दिले असणार. आज ठाऊक असलेली पाने चाळिशीच्या आत आहेत. अकरावे प्रकरण तेवढे सलग टिकले असून ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात आहे. बाकीची पाने विद्यापीठांत आणि खासगी संग्रहांत विखुरलेली आहेत. डॅलसमध्ये विकले गेलेले पान हे त्यांतलेच एक.

ही हकिकत वाचताना मला सुट्या पानांच्या पोथ्या आठवल्या. आपल्या पोथ्या मुळातच सुट्या पानांच्या असतात. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल, एवढ्यावर त्यांचे एकत्र राहणे अवलंबून असते. म्हणून लेखनिक शेवटच्या पानावर विनवणी करून ठेवत, की तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी पोथीचे एक पान विकत घेतले होते. नऊ ओळी, दोन्ही बाजूंना तांबड्या शाईच्या दुहेरी समासरेघा, तांबडेच दंड, आणि सहाव्या ओळीत चुकलेल्या दोन अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा पातळ लेप. हरताळ फासणे हा वाक्प्रचार कोठून आला, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. घरी आल्यावर लक्षात आले की पान मधले असल्यामुळे त्यावर लेखनिकाचे नाव नाही, शक नाही, गावही नाही. दुकानदाराला विचारले तेव्हा कळले की पोथी आख्खी आली होती आणि तिची पाने एकेक करून विकली गेली. पहिले व शेवटचे पान कोणाकडे गेले, याची नोंद त्याच्याकडे नव्हती. ते पान अजून माझ्याकडे आहे, आणि एखादे सुटे पान विकले जात असताना त्याच्या शेजारच्या पानांची माहिती का जपायला हवी, हे मी त्याच्यावरून शिकलो.

डॉइल यांच्या पानाची गोष्ट या बाबतीत पुष्कळ बरी आहे. छापील कादंबरी समोर असल्यामुळे कोणतेही पान कोठले, हे ओळीवरून तत्काळ लावता येते. होम्सच्या चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी शिल्लक राहिलेल्या पानांची मोजदादही चिकाटीने ठेवली आहे. अक्षरही सहाय्यक आहे. डॉइल पेशाने वैद्य असले तरी त्यांचे अक्षर लहान, सरळ आणि सहज वाचता येण्याजोगे असून त्यांच्या हस्तलिखितांत खाडाखोड थोडी आढळते. जिथे शब्द बदलला आहे तिथे बहुधा त्यावर नुसती रेघ असते, आणि हरताळ फासलेल्या अक्षराप्रमाणे आधीचा शब्द नाहीसा होत नाही. लेखकाने पहिल्या झपाट्यात काय लिहिले आणि क्षणभर थांबून काय केले, हे त्या रेघेखाली वाचता येते. ही मूळ प्रत, तिच्यातला खोडलेला शब्द छापील पुस्तकात कोठेच सापडत नाही. माझ्या लेखी या पानाचे मोल सर्वांत जास्त येथे आहे.

या पानांना पुराव्याचेही मूल्य आहे. कादंबरीच्या कल्पनेमागे डॉइल यांचे पत्रकार मित्र बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन यांचा हात होता. १९०१ मध्ये दोघे इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर, म्हणजे कादंबरी जिथे घडते तिथे, हिंडले होते, आणि 'स्ट्रँड'मधल्या पहिल्या हप्त्यात डॉइल यांनी रॉबिन्सन यांचे ऋण छापून मान्य केले. रॉबिन्सन यांच्या घोडागाडीच्या चालकाचे आडनावच बास्करव्हिल होते. पुढे काहींनी असा आरोप केला की कादंबरी मुळात रॉबिन्सन यांनीच लिहिली. या वादात शिल्लक राहिलेली पाने फार बोलकी ठरतात, कारण ती डॉइल यांच्या हातची आहेत आणि त्यांतल्या दुरुस्त्या नक्कल करणाऱ्याच्या नसून मजकूर घडवणाऱ्याच्या आहेत. कल्पना कोणाची, हा प्रश्न केवळ हस्ताक्षराने सुटत नाही, हे खरे. परंतु वाक्ये कोणाची, याबद्दल मला तरी शंका उरत नाही.

आता किमतीविषयी. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे सदबीज या लिलावसंस्थेने डॉइल यांच्याच 'द साइन ऑफ फोर'चे हस्तलिखित लिलावात मांडले. आग्र्याचा खजिना, १८५७ चा उठाव आणि अंदमानची काळी सावली असलेली ही कादंबरी आपल्याकडच्या वाचकाला विशेष जवळची. त्या संपूर्ण हस्तलिखिताची अंदाजी किंमत ८ ते १२ लाख डॉलर ठेवली होती आणि विक्रीही त्याच मर्यादेत झाली. म्हणजे आख्ख्या कादंबरीला जेवढी किंमत आली, तिच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक किंमत 'हाउंड'च्या एकट्या पानाला आली. 'हाउंड' ही होम्सची सर्वाधिक लोकप्रिय कादंबरी आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मनाला टोचणारे आहे. हस्तलिखित फोडल्यामुळे पाने नष्ट झाली, पाने नष्ट झाल्यामुळे उरलेली दुर्मीळ झाली, आणि सुटी असल्यामुळेच ती एकेका संग्राहकाला मिळवता येण्याजोगी राहिली. १९०२ साली दुकानाच्या खिडकीत फुकट लावलेल्या कागदाला ही जी किंमत येते, तीत न उरलेल्या दीडशेच्या आसपास पानांचाही वाटा आहे. बाजाराच्या नियमाने ही किंमत रास्त आहे, हे मला मान्य आहे. मात्र ती ऐकून आनंद होतो तेवढीच हळहळही वाटते, आणि हे येथे नोंदवले नाही तर परीक्षण अर्धे राहील.

लिलावसंस्थेच्या सेवेबद्दल माझे मत अनुकूल आहे. संकेतस्थळावर पान ज्या स्पष्टतेने छायाचित्रित करून ठेवले जाते, ती या व्यवहारातली सर्वांत लोकोपयोगी गोष्ट होय. चित्र मोठे करत नेले की शाईचा गडद-फिका उतार, टाक पुन्हा बुडवल्याची जागा, कागदाच्या घड्या हे सारे घरबसल्या न्याहाळता येते. हेरिटेजचा दुसरा गुण असा की जुन्या विक्रीच्या नोंदी आणि मिळालेल्या किमती ते काढून टाकत नाहीत. विनामूल्य नोंदणी केली की कित्येक वर्षांपूर्वीची विक्रीसुद्धा वर्णनासह पाहता येते. अभ्यासकाला हे फार मोठे साहाय्य आहे, कारण एखादे पान कोणत्या साली कोठे दिसले होते, हा माग अशा नोंदींवरूनच काढावा लागतो.

प्रत्यक्ष बोली लावू इच्छिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचे अधिमूल्य, म्हणजे त्याने लिलावसंस्थेला द्यायचे शुल्क, चढते, आणि बातम्यांत येणारी किंमत बहुतेक वेळा ते धरूनच असते. विमा, पाठवणी आणि सीमाशुल्क त्याहून वेगळे. अशा पानाच्या बाबतीत मी आणखी एक चौकशी आधी करीन. ही पाने जाहिरातीसाठी वापरली गेली असल्याने पान उजेडात किती काळ राहिले होते, चौकटीत घालताना ते पुठ्ठ्याला चिकटवले होते काय, मागची बाजू मोकळी आहे काय, हे लेखी विचारावे. संस्था मागणीवरून स्थितीचा अहवाल देतात, आणि एवढ्या रकमेच्या व्यवहारात तो मागायला संकोच करण्याचे कारण नाही.

माझा खरा आक्षेप विक्रीनंतरच्या व्यवस्थेवर आहे आणि तो एका संस्थेपुरता नाही. खरेदीदाराचे नाव गुप्त ठेवण्याची या व्यवसायाची सर्वत्र रीत आहे. पान खासगी तिजोरीत गेले की ते पुन्हा कधी दिसेल, हे मालकाच्या मर्जीवर राहते. याउलट जेन ऑस्टिन यांच्या 'द वॉटसन्स' या अपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित पाहावे. जुलै २०११ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने ते ९,९३,२५० पौंडांना घेतले. त्याची सुरुवातीची पाने पहिल्या महायुद्धात रेड क्रॉसच्या मदतीसाठी विकली गेली होती, आणि ती आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. तेही हस्तलिखित फुटलेलेच, पण दोन्ही तुकडे ग्रंथालयांत पोचल्यामुळे त्यांची छायाचित्रे एकत्र मांडता आली, आणि आज कोणीही ती कादंबरी लेखिकेच्या अक्षरात पाहू शकतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार वाङ्मयीन मूल्य असलेले आणि किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. हा कायदा वस्तू देशात राखतो, पण पोथी फोडून पाने गावातल्या गावात विकली गेली तर तिची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न तेवढाच उरतो. माझ्या नऊ ओळींच्या पानाने तो मला शिकवलेला आहे.

म्हणून अशी विक्री करणाऱ्या संस्थांकडे माझी एकच मागणी आहे. सुटे पान विकताना त्याच्या वर्णनात आधीचे आणि नंतरचे पान ठाऊक आहे काय, असल्यास कोणत्या संग्रहात आहे, हे लिहावे, आणि विक्रीच्या करारात मालकाने अभ्यासकांना छायाचित्र उपलब्ध ठेवावे अशी अट नसली तरी निदान विनंती असावी. खर्चाच्या मानाने हे काम क्षुल्लक आहे.

ज्यांना होम्स प्रिय आहे त्यांनी हे पान अवश्य पाहावे. कादंबरीचे पुस्तक, मराठी असो वा इंग्रजी, शेजारी उघडून ठेवावे आणि पडद्यावरची ओळ बोटाने धरत छापील ओळीशी ताडून पाहावी. मी तसे केले तेव्हा एका पानाला पाऊण तास लागला. नंतर पुढचे पान पाहावेसे वाटले, आणि ते नव्हते.