नाडेप टाकं की गांडूळखत?

शेजारच्या काकूंना स्वयंपाकघरातला ओला कचरा अन् वावरातला काडीकचरा, दोन्हींचं खत करायचं आहे. त्यांचा प्रश्न: टाकं बांधू की गांडुळं आणू?

नाडेप आपल्याकडचंच, विदर्भातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांची खत करायची पद्धत. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. खर्च एकदाच, पण विटा-सिमेंटचा. गांडुळांना साधा वाफा चालतो, फक्त वर सावली हवी.

खरा फरक भरण्यात आहे. नाडेप एक-दोन दिवसांत भरून शेणमातीनं लिंपायचं असतं. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर. रोजची मूठभर सालं त्यात टाकत बसता येत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बारीक तोडूनच घाला, नाहीतर ती तशीच निघते. खताला तीन ते चार महिने लागतात.

गांडूळखत दीड-दोन महिन्यांत होतं आणि रोजचा कचरा थोडा थोडा खपवतं. संत्र्याची सालं, मिरची, खारट उरलंसुरलं मात्र नको. आधी कुजवलेलं शेण हवं, ताजं गरम पडतं. आणि आपला मे महिना! पारा 45 वर गेला की ओलं पोतं, दाट सावली, रोज पाणी शिंपडणं आलंच. लाल मुंग्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

जनावरं, तुराट्या अन् कुटार (भुसा) भरपूर असेल, तर नाडेप. अंगणात परसबाग आणि उन्हाळ्यात घरी कायम कुणीतरी असेल, तर गांडुळं. काकूंकडे विहिरीला मेमध्ये पाणी राहत नाही, म्हणून मी त्यांना नाडेपच सांगितलं, टाकं पावसाळा संपताना भरा म्हणून.