सुरी पाजवायची कशावर: चाक, ओढायचं शार्पनर, दगड की वॉटर पेपर?

येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आदल्या रात्री भज्जीसाठी भाज्या निवडाचिरायला बसलं, की घरातल्या तीन सुऱ्या आणि एक विळी, चारही बोथट असल्याचा शोध लागतो. धारवाल्याची सायकल नेमकी त्याच दिवशी गल्लीत येत नाही. घरीच धार लावायची म्हटली तर साधनं बरीच आहेत, पण आधी पातं कशाचं आहे ते बघा. भांड्यांच्या दुकानातली पातळ स्टीलची सुरी मऊ असते. तिला धार लवकर लागते आणि लवकर जाते. आठवडी बाजारात घिसाड्याकडून घेतलेली विळी किंवा कोयता बऱ्याचदा गाडीच्या कमानपाट्याचा असतो. त्याला मेहनत जास्त लागते, पण लागलेली धार टिकते. गंज मात्र धरतो.

धारवाल्याचं चाक

पात्याला दात पडले असतील, टोक मोडलं असेल, तर चाकाला पर्याय नाही. जे दगडावर तासभर घासावं लागेल ते चाकावर दोन मिनिटांत होतं. धोका उष्णतेचा आहे. चाक कोरडं फिरतं आणि धारेची कड इतकी पातळ असते, की ती क्षणात तापते. कड निळसर दिसली तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलं असं समजा. तेवढा भाग मऊ पडतो आणि कितीही पाजवला तरी आठवड्यात बोथट होतो. टोकाशी हे आधी होतं, कारण तिथे धातू कमी असतो. म्हणून पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा, आणि ठिणग्या जास्त उडाल्या म्हणजे धार चांगली लागली असं मानू नका. दर महिन्याला चाकावर दिलेली सुरी काही वर्षांत निम्मी उरते.

ओढायचं शार्पनर

खाचेत सुरी घालून चार वेळा ओढली की झालं. शिकायचं काही नाही, आणि कोन ठरलेलाच असतो. पण खाचेतल्या कठीण पात्या धातू घासत नाहीत, खरवडून काढतात. धार करवतीसारखी उठते, पहिल्या दिवशी टोमॅटो झकास कापते आणि लवकरच पुन्हा तशीच होते. स्वस्त, पातळ सुरीसाठी आणि ज्याला दहा मिनिटंही नाहीत त्याच्यासाठी हे ठीक. दाबून ओढू नका, सुरीच्या वजनापेक्षा किंचित जास्त जोर पुरे. विळीला ते बसतच नाही, आणि चांगल्या जाड पात्याला लावू नये.

दुहेरी दगड

हार्डवेअरच्या दुकानात आठ इंची, एका बाजूने खरबरीत आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. एकच वस्तू घ्यायची तर ही घ्या. हात बसायला तीन-चार सुऱ्या खर्ची पडतात, म्हणून सुरुवात सगळ्यात टाकाऊ सुरीवर करा.

दगड ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. वर पाणी आणि साबणाचा एक थेंब. घरातलं करडईचं तेल ओतायचा मोह टाळा: ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं आणि दगडाची छिद्रं बुजतात. तेलच हवं असेल तर शिलाई मशीनचं.

कोन प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. कागदाचा कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात, नजरेला तेवढा अंदाज पुरतो. २५ मिलिमीटर रुंद सुरीची पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर उचललेली हवी; ४० मिलिमीटर रुंद असेल तर पावणेचौदा. धारेच्या उतारावर मार्करची रेघ मारून चार वेळा घासा. शाई नुसती वरच्या कडेची गेली तर पाठ खूप खाली आहे, फक्त धारेवरची गेली तर खूप वर. टोकाकडे जाताना मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर टोक कोरंच राहतं.

आता नेमकी चूक जिथे होते ती जागा. लोक दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे असं मोजून घासतात. मोजू नका. एकच बाजू घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत सलग, धातूच्या उलटलेल्या कडेची बारीक तार बोटाला जाणवत नाही. बोट पाठीकडून धारेकडे बाहेर सरकवा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. तार आली नाही याचा अर्थ दोन्ही उतार अजून धारेवर भेटलेले नाहीत, आणि अशा सुरीला बारीक बाजूवर नेणं म्हणजे बोथट धारेला पॉलिश करणं. तार आली की पालटा, तिकडूनही आणा. मग बारीक बाजूवर एकेक हात आलटून पालटून, दर खेपेला जोर कमी करत. शेवटी हात नुसता टेकलेला. ही तार राहिली तर सुरी आज कापते आणि परवा तार दुमडून बोथट होते. ‘दगडाने धार टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढा. पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता तुटली की झालं.

वॉटर पेपर

दगड घेण्याआधी हात बसतो का ते बघायचं असेल, तर २२०, ४०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचे घासकागद, आणा आणि सपाट टाइलवर पाण्याने चिकटवा. इथे सुरी फक्त मागे ओढायची. पुढे ढकलली की कागद फाटतो. कागद किंचित दबतो, त्यामुळे जोर दिला तर धार गोलसर होते. कागद चटकन झिजतो, म्हणून कायमचा हा उपाय महागच पडतो. पण वर्षभर वापरून दगड मधे खोलगट झाला की १२० नंबरचा हाच कागद टाइलवर टाकून दगड सपाट करता येतो.

चिनी मातीच्या कपाचं बूड आणि खाटकाच्या हातातली सळई ही रोजची डागडुजी. सळई वाकलेली धार सरळ करते, नवी धार काढत नाही. कपाच्या खालच्या, चकचकीत झिलई नसलेल्या खरखरीत कडेने किंचित घासलं जातं. पंधरवड्यात पाच-सहा हात मारले तर दगडाची पाळी लांबते. आणि कडप्प्याच्या ओट्यावर थेट चिरलं, तर यातलं कुठलंच साधन कामाला येत नाही.

विळी आणि विळा

विळीचं पातं पाटाला पक्कं आणि वाकडं, त्यामुळे ते दगडावर नेता येत नाही. दगड पात्यावर फिरवावा लागतो. पाट पायाखाली घट्ट दाबा, अरुंद दगड ओला करून पाठीकडून धारेच्या दिशेने ओढा, बोटं धारेच्या रेषेच्या मागे ठेवून. पाजवून झालं की पुसून तेलाचं बोट फिरवा. दातेरी विळ्याला मात्र दगड लावू नका, दातच सपाट होतात. तो दाते काढून देणाऱ्या घिसाड्याकडेच न्यावा.