कठीण मन की आंधळं मन? ‘पोरोसिस’चे दोन अर्थ समोरासमोर

बायबल अभ्यासवर्गाच्या तयारीसाठी दोन-तीन भाषांतरं शेजारी उघडली की इफिसकरांस पत्राच्या ४:१८ पाशी हमखास अडायला होतं. एकीकडे अंतःकरणाचा कठीणपणा, दुसरीकडे आंधळेपणा. मूळ ग्रीक शब्द मात्र एकच, पोरोसिस. नव्या करारात हे नाम तीनच ठिकाणी येतं: मार्क ३:५, रोमकरांस ११:२५ आणि इफिसकरांस ४:१८. त्याचं क्रियापद आणखी पाच ठिकाणी आहे. या आठही जागा एका बैठकीत वाचून होतात, आणि कोणता अर्थ धरायचा हे ठरवण्याआधी त्या वाचाव्यातच.

‘कठीणपणा’च्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा शब्दाच्या घडणीतच आहे. पोरोस म्हणजे एक प्रकारचा दगड. ग्रीक वैद्यांच्या लिखाणात मोडलेलं हाड सांधताना जो टणक थर धरतो, त्यालाही हाच शब्द. क्रियापदाचा अर्थ मग दगडासारखं होणं, घट्टा पडणं. (ऑस्टिओपोरोसिसशी याची गल्लत करू नका. तिथला ‘पोरोस’ ऱ्हस्व ओकाराचा, म्हणजे छिद्र. आपला दीर्घ ओकाराचा.) कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टा पडला की तिथे टोचलेलं कळत नाही, या शब्दातही टणकपणाच्या पोटात संवेदना जाणं आलंच.

‘आंधळेपणा’ची बाजू दुबळी आहे असं समजू नये. वल्गेट या बायबलच्या प्राचीन लॅटिन भाषांतराने तिन्ही ठिकाणी नामासाठी ‘केकितास’, म्हणजे आंधळेपणा, हाच शब्द वापरला. १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतराने मार्कमध्ये कठीणपणा ठेवला, पण रोमकरांस आणि इफिसकरांस पत्रांत आंधळेपणा. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ईयोब १७:७ मध्ये हेच क्रियापद चक्क डोळ्यांना लावलेलं आहे. संतापाने माझी दृष्टी मंद झाली, असा तिथला भाव. शिवाय ‘पेरोसिस’ हा जवळच्या उच्चाराचा शब्द आहे. त्याचा अर्थ पंगू होणं, आणि त्यात डोळे जाणंही येतं. नकलून घेणाऱ्यांच्या हातून या दोन शब्दांची अदलाबदल झालेली दिसते. योहान १२:४० मध्ये तर दोन अतिशय जुन्या पपायरस हस्तलिखितांत ‘पेरो-’चंच रूप आहे. १९०३ मध्ये बायबलचे अभ्यासक आर्मिटेज रॉबिन्सन यांनी इफिसकरांस पत्रावरच्या आपल्या भाष्यात, संदर्भ पाहता हा शब्द आकलनाच्या मंदपणाचा, बौद्धिक अंधत्वाचा आहे, असं आग्रहाने मांडलं.

मग कौल कुणाला? माझ्या मते योहान १२:४० हीच निर्णायक जागा. छापील ग्रीक आवृत्त्यांच्या पाठात तिथे दोन क्रियापदं लागोपाठ येतात: डोळ्यांसाठी ‘तुफ्लो-’, म्हणजे सरळसरळ आंधळं करणं, आणि हृदयासाठी ‘पोरो-’. लेखकाला दोन्हीकडे एकच गोष्ट म्हणायची असती तर एका शब्दावर भागलं असतं. इफिसकरांस पत्रातही तसंच. बुद्धी अंधारली, हे प्रेषित पौलाच्या नावाच्या त्या पत्रात आधीच सांगून झालं आहे. पोरोसिस त्यानंतर येतो, आणि पुढच्याच १९व्या वचनात वेदना जाणवेनाशी झालेल्या माणसांचं वर्णन आहे. अंधार, मग घट्टा, मग बधिरपणा अशी ती उतरण आहे. मध्ये ‘आंधळेपणा’ घातला की पहिलीच पायरी दोनदा मोजली जाते.

उलट बाजूची सर्वांत बळकट जागा करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे. ३:१४ मध्ये मनांवर ‘पोरो-’ क्रियापद चालवलं आहे, ४:४ मध्ये त्याच मनांवर ‘तुफ्लो-’. भोवती आच्छादनाची प्रतिमा आहे, न दिसण्याची भाषा आहे. इथे कुणी ‘मती आंधळी झाली’ असं समजावून सांगितलं तर मी वाद घालणार नाही.

मराठीत शिकवणाऱ्यासाठी आणखी एक अडचण आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘कठीण’वरून आपण सहज ‘कठोर’वर घसरतो, आणि कठोर मन म्हणजे आपल्याकडे निर्दय मन. मार्क ६:५२ काढा. तिथे हा शब्द शिष्यांना लावला आहे. ते दुष्ट नाहीत. भाकरींचा चमत्कार पाहूनही त्यांना अर्थ लागला नाही, एवढंच. मिसरचा राजा फारो याचं मन देवाने कठीण केलं, त्यासाठी रोमकरांस ९:१८ मध्ये वेगळं क्रियापद आहे, ‘स्क्लेरू-’. सूटपत्राच्या, म्हणजे घटस्फोटाच्या चर्चेत, मार्क १०:५ मध्ये, येशू जो मनाचा कठीणपणा म्हणतो तोही त्याच कुळातला. सगळीकडे ‘कठोर’ म्हटलं की हट्ट आणि बधिरपणा यांतला फरक पुसला जातो, आणि शिष्यांवर विनाकारण अन्याय होतो.

‘आंधळेपणा’चीही किंमत मोजावी लागते, आणि ती खऱ्या माणसांना. वर्गात दृष्टिहीन माणूस बसलेला असताना पापासाठी ‘आंधळा’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरणं क्लेशकारक आहे. सुवार्तेचाही त्याला आधार नाही: योहान ९ मध्ये येशू जन्मांध माणसाबद्दल साफ सांगतो, यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. मार्कमध्ये तर मन ‘पोरो-’ झालेले शिष्य डोळस आहेत, आणि यरीहोच्या रस्त्यावर दाविदाचा पुत्र ओळखून हाक मारणारा बार्तीमय आंधळा आहे.

म्हणून माझी निवड अशी. वर्गात वाचताना तुमच्या मंडळीत चालणारंच भाषांतर वाचा, पण अर्थ सांगताना ‘निबर’ हा शब्द वापरून पाहा. मन निबर झालं म्हटलं की टणकपणा आणि काहीच न लागणं, दोन्ही एका दमात येतं, क्रौर्य येत नाही. मार्क ३:५, ६:५२ आणि इफिसकरांस ४:१८ इथे तो नेमका बसतो. मार्क ८:१७ मध्येही तोच घ्या; डोळे असून न दिसणं, कान असून न ऐकणं हे पुढच्या वचनात येशू स्वतःच सांगतो. रोमकरांस ११:२५ मध्ये मात्र शब्दापेक्षा त्याच्या शेजारी असलेल्या ‘अंशतः’ आणि ‘तोपर्यंत’ या दोन मर्यादांवर जास्त वेळ द्या. पौल तिथे इस्राएलावर कायमचा शिक्का मारत नाही. पुढच्याच वचनात तो सर्व इस्राएलाच्या तारणाबद्दल बोलतो.