पाण्यातली ट्रेडमिल की पोहण्याचा हौद?

स्पर्धेत उतरणाऱ्या, म्हणजे खेळाच्या घोड्याला पाण्यातला व्यायाम द्यायचं ठरलं की हे दोनच पर्याय समोर येतात. दोन्हींत घोडा भिजतो, पण साम्य जवळपास तिथेच संपतं.

पोहताना पायांवर भार येत नाही आणि दम मात्र चांगलाच लागतो. जमिनीवर जोर न देता हृदय-फुप्फुसांना काम देण्यासाठी हौद चांगला. पण पोहणारा घोडा बाजूने बघा: मान ताठ वर, पाठ खाली खचलेली, मागचे पाय झटके मारतायत. ड्रेसाजच्या (स्वाराच्या इशाऱ्यावर डौलदार चाली करण्याच्या खेळाच्या) घोड्याला जी ठेवण वर्षभर घोटून शिकवतो, त्याच्या नेमकं उलट. पाठदुखीचा किंवा श्वासाची तक्रार असलेला घोडा मी हौदात सोडणार नाही. शिवाय हाडं भार पेलूनच मजबूत होतात, आणि तो इथे मिळत नाही.

ट्रेडमिल म्हणजे पाण्याच्या टाकीतला फिरता पट्टा. त्यावर घोडा चालतो, खूर पट्ट्यावर टेकतो. सगळी करामत पाण्याच्या उंचीत आहे. खुराच्या वरच्या सांध्याइतकं पाणी असेल तर घोडा डबकं चुकवावं तसा पाय पाण्याबाहेर उचलतो आणि सांधे चांगले दुमडतात. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की पाय बाहेर काढणं परवडत नाही, मग तो पाणी कापत चालतो. टापा कमी पडतात, पण लांब पडतात.

‘पाण्यात वजन हलकं होतं’ हे जाहिरातीतलं वाक्य मात्र अर्धंच खरं. पाणी कोपरापर्यंत असलं तर भार जेमतेम 10 ते 15 टक्के कमी होतो. तो 75 टक्के कमी होतो, पण कमरेच्या हाडापर्यंत पाणी भरल्यावर. आणि पाणी फार वर नेलं किंवा पट्टा जोरात पळवला, तर डोकं वर जातं, पाठ खचते. म्हणजे फिरून हौदाचाच दोष. म्हणून घड्याळाकडे कमी आणि पाठीकडे जास्त बघावं.

मर्यादाही आहेत. पट्टा सरळच जातो; त्यावर वळण नाही, स्वार नाही, उडीनंतरचं उतरणं नाही. शो जंपिंगच्या घोड्याचं मैदानावरचं काम त्याने सुटत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा तर घोडा नुसता बिचकत चालतो, त्यावरून काही ठरवू नये. उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर दोन्ही पर्याय बाद. ताज्या स्नायुबंध-दुखापतीत आधी पशुवैद्य. आणि बाहेर आल्यावर मोतद्दाराने खुरामागची खाच नीट कोरडी केली पाहिजे. कंटाळा केला जातो तो इथेच.

दम वाढवायचा, पण पायांना विश्रांती हवी असेल तर हौद. चाल आणि पाठ सुधारायची असेल तर ट्रेडमिल. बहुतेक खेळाच्या घोड्यांना मी हीच सुचवेन. केंद्रात गेल्यावर एकच विचारा: प्रत्येक घोड्यासाठी पाण्याची उंची बदलता का? ‘सगळ्यांना सारखीच’ असं उत्तर आलं, तर घोडा गाडीतून उतरवूच नका.