लायब्ररी ऑफ काँग्रेसचे जुने रेल्वे नकाशे: फुकट आहेत, आणि एक नंबर आहेत

रेल्वेचं वेड असलेल्या प्रत्येकानं हे बघायलाच पाहिजे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, १८२८ ते १९०० या काळातले अमेरिकन रेल्वेचे सहाशेच्या वर नकाशे ऑनलाइन ठेवलेत, अकाउंट नको, पैसे नकोत, मोठी फाइल सरळ डाउनलोड होते. फक्त मोबाईलवर बघू नका, कॉम्प्युटरवर झूम करत बसा, तास कसे जातात कळत नाही.

सुरुवात अमेरिकन सैन्यातल्या लेफ्टनंट वॉरनच्या १८५७ च्या नकाशापासनं करा. पॅसिफिकपर्यंत रेल्वे न्यायची तर कुठनं न्यायची यावर अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांचं जमेना, म्हणून १८५३ ला दीड लाख डॉलर मंजूर झाले आणि सैन्याच्या तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी सर्व्हेला निघाल्या. कॅप्टन गनिसन त्याच वर्षी युटामध्ये मारला गेला, सोबतचे सात जणही गेले, पुढचं काम लेफ्टनंट बेकविथनं केलं. या सगळ्यांची मापं वॉरननं एका नकाशात आणली. डोंगर नुसत्या बारीक रेघांनी काढलेत, जितका चढ खडा तितक्या रेघा दाट, आणि जिथली खात्रीची माहिती नव्हती तिथं कागद चक्क कोरा सोडलाय. मला तर त्या कोऱ्या जागेचंच लई कौतुक वाटतं.

रेल्वे कंपन्यांचे नंतरचे नकाशे मात्र सावध राहून बघा, ते तिकिटं आणि जमिनी विकायला छापलेले. स्वतःची लाइन जाडजूड आणि सरळसोट, दुसऱ्याची केसाएवढी. १८६२ च्या कायद्यानं कंपनीला दर मैलामागं दहा चौरस मैल जमीन मिळायची, १८६४ ला ती वीस केली, एक चौकोन कंपनीचा, शेजारचा सरकारचा, त्यामुळं काही नकाशे बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात.

आणि आपल्याकडच्यांनी सिएरा नेवाडाचा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डोंगररांगेचा, भाग बघाच. रेल्वे इंजिनिअर थिओडोर जुडाहनं नद्यांच्या खोऱ्यात न शिरता दोन नद्यांच्या मधली लांब डोंगरधार पकडून लाइन वर डोनर खिंडीपर्यंत आखली. चढाची मर्यादा मैलाला ११६ फूट, म्हणजे साधारण ४५ ला १ (४५ फूट पुढं गेल्यावर १ फूट वर), आपला खंडाळ्याचा घाट ३७ ला १ आहे. १८९१ पासनं मिरजेहून येणारी गाडी कोल्हापुरातच थांबते, खाली कोकणात उतरायची वैभववाडीची लाइन आपण किती वर्षं ऐकतोय, तर घाटात लाइन कशी बसवतात हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला इथं भरपूर मिळेल.

शोधताना राज्याचं किंवा कंपनीचं नाव टाका, नकाशांची मूळ नावं लांबलचक असतात.

प्रिंट काढायची असेल तर फ्लेक्सवाल्याकडं जाऊ नका. इथल्या एकानं फाइल छोटी करून छापली, डोंगराच्या रेघांचा नुसता काळा डाग झाला आणि वर पूर्ण पैसे घेतले. आर्किटेक्टचे प्लॅन काढून देणारा प्लॉटरवाला गाठा, मॅट कागद सांगा, फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअॅपवर पाठवली की क्वालिटी गेलीच. माझ्या भिंतीवर वॉरनचा नकाशा लागलाय, नद्यांची नावं उभ्या उभ्या वाचता येतात. पाचपैकी पाच स्टार.