पहिल्याच कार्यक्रमाचा पायलट आणि एटीईएम मिनी प्रो आयएसओ

कार्यक्रमाची कल्पना घेऊन नवा सूत्रसंचालक वाहिनीकडे गेला की बहुतेक वेळा एकच मागणी पुढे येते: एखादा तयार भाग दाखवा. कागदावरची संकल्पना कितीही चांगली असली तरी समोरचा माणूस पाहुण्याला कसा बोलतं करतो, हे पडद्यावर दिसल्याशिवाय कोणी वेळ देत नाही. त्यामुळे पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, स्वतःच करावा लागतो. मुलाखतीचा कार्यक्रम एका कॅमेऱ्यावर केला तर पाहुण्याला तेच उत्तर पुन्हा द्यावं लागतं आणि दुसऱ्या खेपेला त्यातला जीव गेलेला असतो. तीन कॅमेरे एकाच वेळी चालवणं हाच खरा उपाय, आणि त्यासाठी ब्लॅकमॅजिक डिझाइनचा २०२० साली आलेला एटीईएम मिनी प्रो आयएसओ हा स्विचर (अनेक कॅमेरे जोडून हवं ते चित्र निवडायचं यंत्र) आजही अतिशय उपयोगी आहे.

चार एचडीएमआय इनपुट, दोन ३.५ मिमी माइक इनपुट, एक एचडीएमआय आउटपुट, एक यूएसबी-सी, एक इथरनेट. तीन इनपुटवर कॅमेरे (एक दोघांचा वाइड, एक सूत्रसंचालकावर, एक पाहुण्यावर) आणि चौथ्यावर फोटो, क्लिप दाखवायला लॅपटॉप. आउटपुटवर मॉनिटर लावून मल्टिव्ह्यू ठेवला की चारही चित्रं एकत्र दिसतात. पण या यंत्राचं खरं मोल नावातल्या ‘आयएसओ’मध्ये आहे. कट करून तयार झालेला प्रोग्रॅम तर रेकॉर्ड होतोच, शिवाय चारही इनपुट स्वतंत्र फाइल म्हणून, ग्राफिक्सशिवाय, एकाच टाइमकोडवर (वेळेच्या सामायिक खुणेवर) साठतात. सोबत दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल तयार मिळते. ती उघडली की चित्रीकरणात केलेले सगळे कट टाइमलाइनवर जागच्या जागी असतात. पाहुणा गहिवरला आणि त्या क्षणी स्विचरवरच्या माणसाचं लक्ष वाइडवर राहिलं, तर संकलनात तेवढा एक कट बदलता येतो. पहिल्यांदा काम करणाऱ्या टीमला यापेक्षा मोठा आधार नाही. याच कारणासाठी साधा मिनी किंवा मिनी प्रो न घेता आयएसओच घ्यावा.

या सोयीसाठी डिस्क मात्र दणकट लागते. सर्वात वरच्या दर्जाला एक फाइल ७० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट) जाते. अशा पाच फाइल (चार इनपुट आणि एक प्रोग्रॅम) म्हणजे ३५०, म्हणजे सेकंदाला जवळपास ४४ एमबी आणि तासाला सुमारे १५७ जीबी. पेनड्राइव्ह हा वेग सलग टिकवू शकत नाही आणि फ्रेम गळतात. एसएसडीच हवी, एक्सफॅट या फाइल पद्धतीत फॉरमॅट केलेली. यूएसबी-सी पोर्ट एकच असल्याने तो डिस्कला द्यावा आणि स्विचरचं सॉफ्टवेअर इथरनेटवरून चालवावं. चूक झाली म्हणून रेकॉर्डिंग थांबवू नये. प्रत्येक थांब्यागणिक वेगळा फोल्डर आणि वेगळा प्रोजेक्ट तयार होतो आणि संकलकाचं काम वाढतं. संकलनात खूण मिळावी म्हणून टाळी वाजवावी, प्रश्न पुन्हा विचारावा, पुढे जावं. वीज गेली तर चालू फाइल अर्धवट राहते, त्यामुळे स्विचर आणि डिस्क यूपीएसवर.

आता आवाज. नव्या टीमचे पायलट चित्रापेक्षा आवाजात जास्त मार खातात आणि हे यंत्रही तिथेच तोकडं पडतं. एक्सएलआर (तीन पिनांच्या व्यावसायिक जोडणीचे) माइक थेट लागत नाहीत. हेडफोनचं भोक नाही. मॉनिटरला हेडफोन जोडून ऐकावं लागतं, आणि ऐकायला एक माणूस बसवायलाच हवा. कॉलर माइक लावल्यावर तिन्ही कॅमेऱ्यांचा आवाज स्विचरवर बंद आहे ना, हे आधी तपासावं. इनपुटचं एएफव्ही (चित्राबरोबर आवाजही बदलण्याची सोय) चालू राहिलं तर कॅमेरा बदलला की त्या कॅमेऱ्याचा खोलीतला आवाज मध्ये घुसतो आणि दर कटला सूर बदलतो. दुसरी अडचण ओठांची. कॅमेऱ्याचं चित्र एचडीएमआयवरून दोन-तीन फ्रेम उशिरा येतं, माइकचा आवाज मात्र लगेच. २५ फ्रेमच्या हिशोबात तीन फ्रेम म्हणजे १२० मिलिसेकंद, आणि एवढा फरक डोळ्याला खुपतो. सॉफ्टवेअरमध्ये माइक इनपुटला ८ फ्रेमपर्यंत डिले देता येतो. कॅमेऱ्यांसमोर टाळी वाजवून आधीच जुळवून घ्यावं आणि स्टार्टअप स्टेट (यंत्र चालू होतानाची सेटिंग) सेव्ह करावं, नाहीतर यंत्र बंद करून चालू केलं की सेटिंग पुन्हा लावत बसावं लागतं. दोनापेक्षा जास्त माणसं बोलणार असतील तर वेगळा छोटा मिक्सर घेतलेला बरा.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. एचडीएमआयवर मेनूची अक्षरं आणि फोकसची चौकट न येता स्वच्छ चित्र मिळतं का, आपोआप बंद होण्याची सोय बंद करता येते का, आणि सगळे कॅमेरे एकाच फ्रेमरेटवर आहेत का. स्विचर वेगवेगळे फॉरमॅट जुळवून घेतो, पण तसं केल्यावर हालचाल अडखळते. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे दिवे लुकलुकत नाहीत. लांब एचडीएमआय केबल बेभरवशाची. कॅमेरा दूर असेल तर मध्ये एसडीआय (लांब अंतरासाठीची व्यावसायिक व्हिडिओ केबल) कन्व्हर्टर टाकावेत.

बटणं मूळ सेटिंगमध्ये कट-बसवर असतात, म्हणजे दाबलं की थेट ऑन-एअर. नवख्या हातांसाठी सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम-प्रिव्ह्यू पद्धत लावावी: आधी निवडायचं, मग कट.

सूत्रसंचालकाच्या दृष्टीने सर्वात मोठी उणीव अशी की यात टॉकबॅक (स्विचरवरून टीमशी बोलायची सोय) नाही, आणि लाल दिव्याचा इशारा एचडीएमआयवरून ब्लॅकमॅजिकच्याच कॅमेऱ्यांना मिळतो. इतर कॅमेरे वापरले तर कोणता चालू आहे ते खुर्चीतून कळत नाही. म्हणून सुरुवात, ब्रेकला जाणं आणि निरोप नेहमी कॅमेरा एककडे पाहून, हे पक्कं ठरवावं. बाकी वेळ नजर पाहुण्याकडे. कॅमेरा एकच्या शेजारी एक माणूस ५, ३, १ मिनिटाचे फलक घेऊन उभा राहावा. रनडाउनची (भागाच्या क्रमाच्या आणि वेळेच्या यादीची) एक प्रत त्याच्याकडे, एक स्विचरवर. २४ मिनिटांच्या भागासाठी ओळख १ मिनिट, ७-७ मिनिटांचे तीन टप्पे आणि निरोप २ मिनिटं, अशी मांडणी चांगली बसते. प्रत्येक टप्पा ९ मिनिटं बोलून घ्यावा म्हणजे संकलनात निवडायला जागा राहते. नेमकी लांबी वाहिनीगणिक वेगळी असते, ती चित्रीकरणाआधी विचारावी. झालेल्या भागातून चार मिनिटं काढायची वेळ आली की आधी पाहुण्याचंच बोलणं कापलं जातं.

वाहिनीची तांत्रिक मागणीही आधीच लेखी घ्यावी. स्विचरच्या फाइल ८ बिटच्या एच.२६४ असतात. पायलट दाखवायला त्या पुरतात, पण प्रसारणासाठी काही वाहिन्या १०८०आय (इंटरलेस्ड चित्र) आणि ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील) मागतात. संकलनातून तशी फाइल काढता येते, पण मुळात न साठलेला रंग त्यात येत नाही. अशी अट असेल तर प्रत्येक कॅमेऱ्यात वरच्या दर्जाचं वेगळं रेकॉर्डिंग चालू ठेवावं आणि स्विचरचे कट आराखडा म्हणून वापरावेत. आवाजाची पातळी युरोपीय ईबीयू आर१२८ प्रमाणे उणे २३ एलयूएफएस आणि अमेरिकेत उणे २४ एलकेएफएस (दोन्ही जाणवणाऱ्या आवाजाची एककं). ती शेवटच्या मिक्समध्ये मोजून लावायची असते. स्विचरवरचे मीटर पाहून ती साधत नाही.

दोन खुर्च्यांच्या गप्पांसाठी हे यंत्र आम्ही निःशंक सुचवतो. चारपेक्षा जास्त पाहुणे, प्रेक्षकांकडे वळलेला कॅमेरा, सोबत वादक असा बेत असेल तर आठ इनपुट, हेडफोन आणि दोन यूएसबी-सी असलेला याच मालिकेतला एटीईएम मिनी एक्स्ट्रीम आयएसओ घ्यावा.