लिंपोपोतली बफेलो सफारी: रेड्याला पैकीच्या पैकी, बाकीच्याला काठावर पास

आधी निकाल, मग तपशील. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात, लेफालालेच्या बाजूला, एका खासगी शिकार-फार्मवर ही सफारी केली. पॅकेज नेहमीचंच: एक केप बफेलो रेडा, आणि जोडीला ज्यांना तिथे ‘प्लेन्स गेम’ म्हणतात ती चरणारी जनावरं, म्हणजे इंपाला, कुडू, वाइल्डबीस्ट, झेब्रा, वॉर्टहॉग. रेड्याचे पैसे पुरेपूर वसूल झाले. उरलेलं पॅकेज घेतलं नसतं तरी काही बिघडलं नसतं. फार्मचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या या धंद्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडतात.

मी खाणीतला माणूस, नोकरी जोहान्सबर्गला, गाव राधानगरी तालुक्यात. दाजीपूरचं रान एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीसाठी राखलेलं जंगल होतं, 1958 पासून ते गव्यांचं अभयारण्य आहे. ऊसात गवा शिरला की गावात काय धावपळ उडते ते बघत मोठा झालोय. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार संपली, ती संपली तेच बरं झालं. इथला हिशोब वेगळा आहे. 1991 च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरचं जंगली जनावर त्या जमिनीच्या मालकाचं झालं. त्यानंतर शेकडो शेतकऱ्यांनी गुरं विकून हरणं पाळली, आणि आज देशात अशी सुमारे 9 हजार फार्म्स आहेत. ही व्यवस्था पटो न पटो, सफारीचा भाव, दर्जा आणि फसवणूक या तिन्हींची मुळं तिच्यातच आहेत, म्हणून सांगितलं.

जोहान्सबर्गहून एन-1 ने उत्तरेला निघायचं, मोडिमोलेला आर-33 धरायचा, फाल्वाटरवरून वॉटरबर्गचे डोंगर उतरले की लाल वाळूचा सपाट मुलूख लागतो. ग्रूटेगेलुकची कोळसा खाण आणि मेदुपी वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की लेफालाले आलं. वाटेत बेला-बेला लागतं. त्याच भागात राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांचं फाला फाला फार्म आहे, जिथल्या सोफ्यात दडवलेले 5 लाख 80 हजार डॉलर 2020 मध्ये चोरीला गेले आणि 2022 मध्ये त्याचा बभ्रा झाला. पैसे बफेलोच्या विक्रीचे, असा खुलासा त्यांनी केला होता. बफेलो म्हणजे इथे काय चीज आहे हे त्यावरून कळावं.

किंमत का, तर त्याला इतिहास आहे. 1896-97 च्या बुळकांडीने या देशातल्या बफेलोंचा जवळजवळ निकाल लावला. जे क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला उरले त्यांच्यात लाळ्या-खुरकूत मुरलेलं, पुढे क्षयही शिरला. त्यामुळे रोगमुक्त दाखला असलेलं जनावर सोन्याच्या भावाने जायला लागलं, आणि मग पैदास सुरू झाली ती शिंगांच्या लांबीसाठी. 2016 मध्ये होरायझन नावाच्या रेड्याचा चौथा हिस्सा 4 कोटी 40 लाख रँडला विकला गेला. म्हणजे अख्ख्या रेड्याची किंमत 17 कोटी 60 लाख धरलेली. शिंगांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजायचं आणि इंचावर भाव ठरवायचा, ही खोड तिथून शिकारीच्या दरपत्रकात आली. आमच्याही दरपत्रकात 36 इंचांपर्यंत एक भाव, 40 च्या पुढे दुसरा, 42 च्या पुढे विचारूच नका. (42 इंच ही रोलंड वॉर्ड या शिकार-विक्रमांच्या नोंदवहीत जायची किमान मर्यादा. लोक तिच्यासाठी वेडे होतात.)

या फार्मला पैकीच्या पैकी देण्याचं कारण इथेच आहे. पाणवठ्याजवळ एक देखणा रेडा दिसला, शिंगं दोन्हीकडे ऐसपैस पसरलेली, माझ्या डोळ्यांना चाळीसच्या वरचा. आमचा प्रोफेशनल हंटर, म्हणजे पाहुण्याला शिकारीला नेणारा वाटाड्या, इथल्या रीतीने सगळे त्याला ‘ओम’ म्हणजे काका म्हणायचे, दुर्बिणीतून बघून म्हणाला, “हा टोणगा आहे, सोड.” डोक्यावर दोन शिंगं जिथे एकमेकांना भिडतात त्या भागाला ‘बॉस’ म्हणतात. वयात आलेल्या रेड्याचा बॉस दगडासारखा घट्ट, मधली चीर बुजलेली. याच्या बॉसमध्ये अजून केस दिसत होते, म्हणजे वय सहा-सात. त्याला अजून कळपात काम होतं. हा सौदा झाला असता तर काकाच्या मालकाला दोन-तीन हजार डॉलर जास्त मिळाले असते. काकाने गाडीला किल्ली मारली आणि पुढे निघाला. मालकाच्या पैशांवर पाणी सोडणारा नोकर मी खाणीतही फार पाहिलेला नाही.

मग खरी शिकार सुरू झाली, आणि ती चालत. फार्म 11 हजार हेक्टरचं, बफेलोचा भाग त्यात सलग, मधे कुंपण नाही. संध्याकाळी गाडीमागे जुने टायर बांधून वाळूचे रस्ते पुसून ठेवतात, म्हणजे सकाळी रस्ता ओलांडलेलं प्रत्येक जनावर पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं. ट्रॅकर साठीकडे झुकलेला, पेडी ही तिथली भाषा बोलणारा, त्याला मी ‘न्ताते’ म्हणजे बाबा म्हणायचो. खुराची कड अजून ढासळली आहे की नाही, त्यात रात्रीचे किडे चालून गेलेत का, शेणाच्या पोवर साय धरली आहे का, एवढं तो उभ्याउभ्या बघायचा. तीन म्हातारे रेडे कळप सोडून वेगळे राहतात, त्यातल्या एकाचा मागचा खूर फाटलेला आहे, हे त्याने जनावर दिसायच्या कितीतरी आधी सांगितलं. नंतर पाहिलं तर खूर फाटलेलाच होता.

न्तातेच्या कमरेला राखेची कापडी पुरचुंडी, वारा बघायला. ती झटकायची आणि राख कुठे जाते बघायचं. बफेलोची नजर बेताची, कान बरे, पण नाक भयंकर. सकाळी नऊपर्यंत वारा एका दिशेने, ऊन तापलं की भिरभिरायला लागतो, आणि मानेवर गार झुळूक लागली की तीन तासांचं मुसळ केरात. मग लांबवर काटक्या मोडल्याचा आवाज, धुरळा, आणि न्तातेची नुसती मान हलवणं. दुसरी वैरीण ऑक्सपेकर. ही चिमुकली पाखरं रेड्याच्या पाठीवर गोचीड वेचत असतात. माणूस दिसला की कर्कश ओरडत उडतात, आणि रेडे समजून जातात. सेकलबोसच्या काट्यांतून रांगताना त्या पाखरांना मी अस्सल कोल्हापुरी शिव्या मनातल्या मनात दिल्या.

रायफल त्यांचीच, भाड्याची, 375 एच अँड एच मॅग्नम. हे काडतूस 1912 पासून चालत आलंय, आणि बफेलोला याहून लहान बोअर वापरू नये असा आफ्रिकेतल्या बहुतेक देशांचा नियम किंवा रिवाज आहे. आदल्या दिवशी कागदावर गोळ्या मारून घेतात. त्यात काकाने मला बसून एकही मारू दिली नाही. सगळ्या उभ्याने, तीन पायांच्या काठ्यांवर रायफल टेकवून, कारण रानात बसायला कोणी देत नाही. हे बारीक वाटेल, पण ज्या फार्मवर नेमबाजीच्या टेबलावरून तपासणी उरकतात तिथे पुढे जखमी जनावरं जास्त निघतात, असं काकाचं मत आणि मला ते पटलं.

शेवटी म्हातारा भेटला तो पन्नास-साठ मीटरवर, दाट सावलीत, चिखलाने राखाडी झालेला. शिंगांची टोकं झिजून बोथट. गव्याच्या मोठ्या नरापुढे केप बफेलो वजनाला कमीच, सातशे-आठशे किलो. पण गवा माणसाकडे बघून बहुधा वळून जातो, हा मान वर करून नाक पुढे काढून बघत उभा राहतो. काका कानात बोलला, पुढच्या पायाच्या रेषेत वर ये, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर थांब. बफेलोचं हृदय आपल्या अंदाजापेक्षा खाली असतं. फऱ्यावर उंच मारलेली गोळी फुफ्फुसाच्या वरून जाते आणि मग पुढचे काही तास कोणालाच सुखाचे नसतात. पहिली गोळी लागल्याचं मला दिसलं नाही, काकाला दिसलं. “परत मार,” म्हणाला. परत मारली. तो झाडीत गेला. मग वीस मिनिटं नुसतं बसणं, कोणी बोलत नाही, घड्याळ बघायचं. आतून मरतानाचा एक लांब, खोल हंबरडा आला तेव्हा न्तातेने तंबाखू काढली. तरीही जवळ जाताना मागच्या बाजूने गेलो, आणि नळीच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करून पाहिल्याशिवाय काकाने कोणाला पुढे येऊ दिलं नाही.

शिंगं भरली 35 इंच. म्हणजे दरपत्रकातला सगळ्यात स्वस्त रेडा. दात झिजून हिरडीला लागलेले. पुढचा उन्हाळा त्याने काढला असता असं वाटत नाही.

आता दुसरा भाग. प्लेन्स गेमसाठी फार्मचे छोटे तुकडे केलेत, त्यांना ‘कॅम्प’ म्हणतात, काही दोन-तीनशे हेक्टरचेच, भोवती आठ फुटी कुंपण. एका कॅम्पात गाडी थांबली. इंपालाचा कळप आमच्याकडेच येऊ लागला, कारण त्याच गाडीतून त्यांना सुका लसूणघास टाकतात. “हवं तर इथूनच मार,” असं ऐकायला मिळालं, आणि हे काकाने नाही, दुसऱ्या पोराने सांगितलं. जेवणासाठी एक इंपाला लागणारच होता, तो मी खाली उतरून, दुसऱ्या कॅम्पात, चालत जाऊन मारला. वाइल्डबीस्ट आणि झेब्रा सोडून दिले. सोडल्याचे पैसे परत नाहीत, कारण पॅकेज ‘ठोक’ भावाचं. ही पहिली तक्रार.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. रोज रात्री जेवताना जादा शिकारीचं एक चोपडं पुढे यायचं: सोनेरी वाइल्डबीस्ट, काळा इंपाला, पांढरट कुडू. ही रंगांची वाणं माणसाने निवडून पैदा केलेली, रानात त्यांना कोणी विचारत नाही. दोन ब्रँडीनंतर पाहुणा ‘हो’ म्हणतो हे त्यांना पाठ आहे. कुडू मात्र वेगळं प्रकरण. कुंपणावरून आरामात उडी मारतो, कॅम्प बिम्प काही मानत नाही, नदीपात्राच्या झाडीत त्याच्यामागे फिरण्यात जी मजा आली ती रेड्याच्या खालोखाल. मिळाला नाही, आणि पॅकेज ठोक असूनही त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत. जेवढं बरोबर तेवढं सांगितलं पाहिजे.

राहायला गवती छपराच्या गोल खोल्या, गरम पाणी, स्वच्छ. जुलैत पहाटे उघड्या गाडीत हाडं गोठतात, कानटोपी आणि हातमोजे न्याच. रात्री हार्डेकोल नावाच्या लाकडाचे निखारे, सकाळपर्यंत धुमसणारे. पहिल्या रात्रीची कांद्यावर परतलेली इंपालाची कलेजी उत्तम. तिच्यासोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि टोमॅटो-कांद्याचं कालवण. बफेलोच्या शेपटीचं, लोखंडी तिपाई हंडीत दिवसभर शिजवलेलं कालवणही झालं. चव चांगली, तिखटाच्या नावाने शंख. ठेचा घरून न्यावा. शाकाहारी माणसाला बटाटे आणि कोशिंबीर, दुसरं काही नाही.

मांस फार्मचं असतं, आपलं नाही. रेड्याचं धड शीतगृहात, तिथून खाटिकाकडे. आतडी, डोकं, पाय कामगारांच्या घरी गेले, आणि कातडी काढण्याच्या शेडपाशी तेवढ्यासाठी बायका पातेली घेऊन आल्या होत्या. काहीही वाया गेलेलं मला दिसलं नाही.

पैशांचं बोलू. जाहिरातीतला आकडा म्हणजे अर्धा हिशोब. शिकाऱ्याचा दिवसाचा दर सुमारे 400 डॉलर, सोबत आलेल्याचा त्याच्या निम्मा, त्यावर 15 टक्के व्हॅट. म्हातारा रेडा 9 हजार डॉलरच्या आसपास. रायफलचं भाडं वेगळं, गोळ्या वेगळ्या. रक्ताचा एक थेंब सांडला आणि जनावर निघून गेलं तरी पूर्ण किंमत भरायची. हा नियम सगळीकडे आहे आणि योग्य आहे, त्याने हात आवरता राहतो. शिंगं साफ करून, निर्जंतुक करून परदेशी पाठवायचा खर्च मात्र कोणीच आधी सांगत नाही, आणि तो लहान रेड्याच्या शिंगांना आणि मोठ्याच्या शिंगांना सारखाच पडतो. मी ती भानगड केली नाही. कवटी शिंगांसकट जोहान्सबर्गच्या बाल्कनीत आहे. दिवाणखान्यात आणायची परवानगी घरातून मिळालेली नाही.

अमेरिकेतून किंवा आखातातून येणाऱ्या आपल्या लोकांसाठी: स्वतःची रायफल आणायची तर पोलिसांचा एसएपी 520 फॉर्म भरावा लागतो आणि विमानतळावर वेळ जातो. भाड्याची चांगली असते. फार्म ठरवताना शिंगांचे फोटो मागू नका. बफेलोचा भाग किती हेक्टर सलग आहे, आणि रेडा तिथे किती वर्षांपासून आहे, हे दोन प्रश्न लेखी विचारा. लिलावात घेऊन पाहुण्याच्या आधी पंधरा दिवस सोडलेला रेडा हा या देशातला उघड गुपिताचा धंदा आहे. त्याच्या कानात टोचलेल्या बिल्ल्याचं भोक कधीकधी तसंच असतं. जून ते ऑगस्ट या महिन्यांत जा, तेव्हा गवत बसलेलं असतं आणि पाणी मोजक्याच ठिकाणी.

बक्षिशी ऑफिसात एकगठ्ठा देऊ नका. ट्रॅकर, कातडी काढणारे, स्वयंपाकघरातल्या मावश्या, सगळ्यांची वेगवेगळी पाकिटं करून हातात द्या, आणि रँडमध्येच द्या. डॉलरची नोट मोडायला न्तातेला लेफालालेपर्यंत टॅक्सीने जावं लागतं, आणि टॅक्सीवाला सुट्टे त्याच नोटेतून कापतो.